गोळ्या अडवणाऱ्या बांगड्या

नातीच्या शाळेचं गॅदरिंग होतं आणि त्यात फॅन्सी ड्रेसची स्पर्धा. दरवर्षी वर्गात दोन-तीन झाशीच्या राण्या, चार जिजाऊ आणि एक भाजीवाली ठरलेली. यंदा आमच्या आठ वर्षांच्या बाईसाहेबांनी जाहीर केलं, "मी वंडर वुमन होणार." सूनबाई ऑफिसात, तेव्हा तयारीचं काम आपसूक आजीच्या गळ्यात. मुकुट झाला पुठ्ठ्याचा. हातातला दोर झाला पडद्याच्या सोनेरी गोफाचा. लाल झगा माझ्या जुन्या ओढणीतून निघाला. राहिली ती मनगटांवरची रुंद कडी. मिठाईच्या खोक्यावरचा सोनेरी कागद कापून मी ती चिकटवत बसले होते आणि नात दोन्ही हात पुढे करून समोर बसली होती.

बाहेर गल्लीत पोरांचं क्रिकेट रंगात आलेलं. कुणाच्या तरी हातून सोपा कॅच सुटला असावा. लगेच समोरच्या ओट्यावरून एका काकांचा आवाज आला, "अरे, हातात बांगड्या भरल्यात काय?" सगळी पोरं खो-खो हसली. आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, मीही हसले. जन्मभर ऐकत आलेलं वाक्य, त्यात वावगं काही वाटतच नाही. नात मात्र हसली नाही. तिनं आपल्या मनगटांवरच्या सोनेरी पट्ट्यांकडे बघितलं आणि विचारलं, "पण आजी, ही तर बांगड्यांनीच गोळ्या अडवते ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बांगडी म्हणजे नाजूकपणा, बांगडी म्हणजे घाबरटपणा, हे आपल्या भाषेतच मुरलेलं. मग या परदेशी बाईच्या हातात त्या आल्या कुठून? गॅदरिंग झालं, सुट्टी संपली, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग वाचत सुटले. आणि जे हाती लागलं ते कॉमिक्समधल्या गोष्टींपेक्षा भारी निघालं.

आमच्या लहानपणी परदेशी वीर म्हणजे वेताळ आणि जादूगार मँड्रेक. टाइम्स ऑफ इंडियाची इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही यायची. आधी भाऊ वाचणार, मग शेजारचा, मग पानं सुटायला आली की आमचा नंबर. त्यातल्या वेताळाच्या प्रेयसीचं नाव डायना. चांगली शिकलेली, नोकरी करणारी. पण माझ्या आठवणीत राहिली ती बहुतेक वेळा कुणीतरी पळवून नेलेली आणि वेताळानं सोडवून आणलेली. वंडर वुमनचं नावही डायनाच आहे बरं का! फक्त ही डायना कुणी सोडवायची वाट बघत नाही, तीच इतरांना सोडवते.

तिचा जन्म १९४१ सालचा, अमेरिकेतला. त्याआधी १९३८ मध्ये सुपरमॅन आणि १९३९ मध्ये बॅटमॅन अवतरले होते. दहा सेंटला मिळणारी ही रंगीत पुस्तकं पोरं अक्षरशः फस्त करत होती, आणि आई-वडील, शिक्षक वैतागले होते. नुसती मारामारी, मुलांच्या मनावर काय परिणाम होईल? (आपल्याकडे पुढे टीव्हीबद्दल आणि आता मोबाईलबद्दल हेच बोललं जातं.) अशा वेळी ऑक्टोबर १९४० मध्ये 'फॅमिली सर्कल' नावाच्या मासिकात एक मुलाखत छापून आली. हे घरगुती मासिक अमेरिकेत किराणा मालाच्या दुकानांतून मिळायचं. त्यात डॉ. विल्यम मोल्टन मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सांगितलं होतं, की कॉमिक्सना नावं ठेवू नका, त्यांची ताकद ओळखा. ते वाचून मॅक्स गेन्स या कॉमिक्सच्या प्रकाशकानं मार्स्टनला सल्लागार म्हणून नेमलं. वीरांच्या या गर्दीत एक बाई हवी, असं मार्स्टननं त्याला सुचवलं. कॉमिक्समध्ये पराक्रमी बाया तोवर अगदीच नव्हत्या असं नाही, पण त्यांतली एकही फारशी टिकली नव्हती.

पण ही कल्पना तरी मार्स्टनला कुठून आली? त्यांच्या घरात सांगितली जाणारी आठवण अशी, की नवा वीर काढायचा विषय निघाला तेव्हा त्याची बायको एलिझाबेथ म्हणाली, पुरुष चिक्कार झाले, आता एखादी बाई काढा.

ही एलिझाबेथ होलोवे मार्स्टन साधी बाई नव्हती. जन्म १८९३ चा, नवऱ्याच्याच वयाची. दोघांनाही कायदा शिकायचा होता. नवरा हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये गेला. तिथे बायकांना प्रवेश नव्हता, तो १९५० साली सुरू झाला. एलिझाबेथनं मग बॉस्टन विद्यापीठाची वाट धरली. वडील फी द्यायला तयार नव्हते, मुलीनं घरी आईजवळ राहावं असं त्यांचं म्हणणं. तर या पोरीनं काय केलं असेल? उन्हाळाभर बायकांच्या क्लबांमध्ये फिरून पाककृतींची पुस्तकं विकली आणि फीचे शंभर डॉलर उभे केले! ज्या स्वयंपाकघरात तिनं राहावं अशी वडिलांची इच्छा, त्याच स्वयंपाकघराची पुस्तकं विकून ती १९१८ मध्ये वकील झाली. वर १९२१ मध्ये मानसशास्त्राची एम.ए. ही पदवीही घेतली.

मार्स्टनचं आणखी एक मोठं काम म्हणजे खोटं पकडण्याची चाचणी. खोटं बोलताना माणसाचा रक्तदाब वाढतो, तो मोजून खोटं ओळखता येईल असा त्याचा दावा होता. आज ज्याला आपण लाय डिटेक्टर म्हणतो, त्याच्या जन्मात या चाचणीचा वाटा आहे. १९२३ मध्ये एका खटल्यात अमेरिकी न्यायालयानं हा पुरावा मानायला नकार दिला, तो निकालही पुढे गाजला. पण या सगळ्याची सुरुवात कशी झाली, तर एलिझाबेथ सहज बोलून गेली होती, की आपण चिडलो किंवा खूप उत्तेजित झालो की रक्तदाब चढल्यासारखा वाटतो. शोधावर नाव मात्र एकट्या नवऱ्याचं. गंमत म्हणजे पुढे याच माणसानं वंडर वुमनच्या हातात एक जादूचा दोर दिला. आधीच्या गोष्टींमध्ये त्या दोरात अडकलेल्याला तिचं म्हणणं ऐकावंच लागायचं. आज तो ओळखला जातो तो खरं बोलायला लावणारा दोर म्हणून.

आता या घरातल्या दुसऱ्या बाईची गोष्ट. ती जरा जपून सांगते. 'फॅमिली सर्कल'मधली ती मुलाखत घेणारी लेखिका ऑलिव्ह रिचर्ड. वाचकांना वाटलं, कुणी त्रयस्थ बाई एका मोठ्या डॉक्टरांना भेटून आली. प्रत्यक्षात तिचं खरं नाव ऑलिव्ह बर्न, ती मार्स्टनची पूर्वीची विद्यार्थिनी, आणि ती त्याच घरात राहत होती. सरळ आपल्या शब्दांत सांगायचं तर सवत. इतिहासकार जिल लेपोर यांनी २०१४ मध्ये या घरावर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्या लिहितात, की ऑलिव्ह आपल्याबरोबर राहील, नाहीतर मी घर सोडून जाईन, असं मार्स्टननं एलिझाबेथला सांगितलं होतं. म्हणजे बायकांच्या ताकदीचं कौतुक करणाऱ्या या गृहस्थानं घरात मात्र स्वतःचंच चालवलं. ते मला काही गोड वाटलं नाही आणि तुम्हाला ते गोड करूनही सांगणार नाही.

पण त्या दोघींनी पुढे जे केलं ते बघा. एलिझाबेथ नोकरी करायची, आधी एका ज्ञानकोशाच्या संपादनात आणि मग मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीत. मार्स्टनचं काम धड एका जागी टिकत नसे, घर चालायचं ते बहुतेक तिच्या पगारावर. दोघींची मिळून चार मुलं, दोन हिची, दोन तिची. घरी राहून चारही मुलांना वाढवलं ऑलिव्हनं. बाहेर सांगायला तिनं कधी नसलेल्याच एका नवऱ्याचं नाव लावलं आणि स्वतःला विधवा म्हणवलं. आपले वडील कोण, हे तिच्या मुलांना कळलं ते १९६३ साली. तेही एलिझाबेथनं सांगितलं म्हणून.

या ऑलिव्हच्या घराण्याचं एक टोक आपल्या वर्ध्यापर्यंत येऊन पोचतं. तिची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर, दोघी नर्स. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अमेरिकेतलं पहिलं संततिनियमनाचं केंद्र उघडलं. मूल कधी आणि किती, हे बाईनं ठरवावं, एवढंच सांगायचं होतं, पण तो तिथे गुन्हा होता. थोड्याच दिवसांत पोलिसांनी केंद्राला टाळं लावलं. जानेवारी १९१७ मध्ये एथेल तुरुंगात गेली आणि तिथे तिनं अन्नपाणी सोडलं. शेवटी तिला नळीनं बळजबरी अन्न भरवावं लागलं. सँगरबाई पुढे भारतातही आल्या. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला जाऊन त्यांनी गांधीजींशी या विषयावर चर्चा केली. साधनं वापरून संततिनियमन गांधीजींना पटलं नाही, ते संयमाच्या बाजूचे. मुंबईत तर र. धों. कर्व्यांनी १९२१ पासूनच असं केंद्र चालवून लोकांचे शिव्याशाप झेलले होते. म्हणजे अमेरिका काय आणि महाराष्ट्र काय, बाईच्या शरीराचा विषय निघाला की वादळ ठरलेलं!

तर अशा आईची ही मुलगी. आणि माझ्या नातीच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच मनगटांवर होतं. ऑलिव्ह दोन्ही हातांत रुंद, जड कडी घालायची. लग्न झालेलं नव्हतं, अंगठी मिरवता येत नव्हती. लेपोर लिहितात, की अंगठीच्या जागी तिच्याकडे ही कडी होती. मार्स्टननं तीच कडी उचलली आणि आपल्या नायिकेच्या हातात घातली.

गोष्टीत त्याला कारणही दिलं. समुद्रात दूर कुठेतरी फक्त बायकांचं एक बेट. तिथे राहणाऱ्या अॅमेझॉन बायकांना एकेकाळी हर्क्युलिसनं फसवून साखळदंडात जखडलं होतं. देवीच्या कृपेनं त्या सुटल्या. सुटल्यावरही त्यांनी मनगटावरचे पट्टे काढले नाहीत. पुन्हा कुणाचे गुलाम होणार नाही, याची ती आठवण. त्यांच्या राणीनं मातीची एक मुलगी घडवली आणि देवीनं तिच्यात प्राण फुंकले. (पार्वतीनं मळाचा गणपती घडवला, तसंच की हे!) तीच डायना. एक दिवस अमेरिकेचा एक वैमानिक विमानासकट त्या बेटावर कोसळतो. त्याला परत पोचवायला सर्वांत बलवान बाई निवडायची, म्हणून स्पर्धा लागते. राणी लेकीला भाग घ्यायला बंदी करते. लेक मुखवटा घालून उतरते आणि जिंकते. शेवटची परीक्षा काय असते माहितीये? समोरून झाडलेल्या गोळ्या मनगटावरच्या कड्यांनी अडवायच्या! मात्र एक मेख होती. कुणा पुरुषानं त्या कड्यांना साखळी जोडली, की तिची सगळी ताकद संपली.

ही पहिली गोष्ट १९४१ च्या अखेरीस 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात आली. चित्रं हॅरी पीटर यांची. बायकांच्या मताधिकाराची चळवळ चालू असताना तिच्या बाजूनं व्यंगचित्रं काढणाऱ्यांपैकी ते एक. त्या चळवळीच्या चित्रांत साखळदंड तोडणारी बाई वारंवार दिसायची, तीच खूण या कॉमिक्समध्ये आली. १९४२ च्या उन्हाळ्यात तिच्या नावाचं स्वतंत्र पुस्तक निघालं. त्यात एक सुंदर सदर असायचं, इतिहासातल्या कर्तबगार बायकांचं. पहिल्याच अंकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल. संपादनात नाव होतं टेनिसपटू अॅलिस मार्बल यांचं, विम्बल्डन जिंकलेल्या.

त्याच सुमारास वाचकांना एक प्रश्न विचारला गेला. सगळ्या वीरांचं एक मंडळ होतं, जस्टिस सोसायटी नावाचं. वंडर वुमन बाई असली तरी तिला त्यात घ्यावं का? उत्तरांतली पहिली १,८०१ मोजली. १,२६५ मुलगे आणि ३३३ मुली म्हणाल्या, घ्या. नको म्हणणारे १९७ मुलगे आणि फक्त ६ मुली. मोठ्या बहुमतानं बाई मंडळात गेली. आणि तिथे तिला काम काय दिलं असेल? सेक्रेटरीचं! वीर मंडळी निघाली मोहिमेवर आणि सगळ्यांत बलवान बाई बसली पत्रं सांभाळत. हे वाचलं तेव्हा आमच्या गावातल्या कितीतरी कमिट्या डोळ्यांसमोर आल्या. बाईला समितीत घ्यायचं, फोटोत बसवायचं, आणि वही-पेन हातात देऊन सांगायचं, "ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे, तेवढं इतिवृत्त लिहा."

या कॉमिक्सवर टीकाही कमी झाली नाही आणि ती सगळीच चुकीची नव्हती. तोकडे कपडे हा एक मुद्दा. दुसरा असा, की साखळ्या तोडायच्या निमित्तानं मार्स्टन पानोपानी बायकांना बांधलेलं दाखवायचा. बालसाहित्याच्या जाणकार जोझेट फ्रँक या सल्लागार मंडळावर होत्या. त्यांनी १९४३ मध्ये प्रकाशकांना कळवलं, की हे मुलांसाठी योग्य नाही. काही बदललं नाही, तेव्हा १९४४ मध्ये त्यांनी मंडळ सोडलं. मार्स्टनचा हेतू आणि त्याची हौस यांची सरमिसळ झाली होती, असंच म्हणावं लागेल.

१९४४ मध्ये त्याला मदतनीस म्हणून एक १९ वर्षांची मुलगी आली, जॉय हमेल. त्यानं तिचा पेपर तपासला होता, त्यातली हुशारी त्याला आवडली. त्याच वर्षी मार्स्टनला पोलिओ झाला. तो आजारी, आणि अंक तर थांबून चालणार नाही. मग वंडर वुमनच्या गोष्टी जॉय लिहू लागली, थोड्याथोडक्या नव्हे, सत्तरच्या वर. पण एकाही गोष्टीवर तिचं नाव नाही. सगळ्यांवर लेखक म्हणून छापलेलं असायचं चार्ल्स मोल्टन. त्यातलं चार्ल्स हे प्रकाशक गेन्सचं मधलं नाव आणि मोल्टन हे मार्स्टनचं. ज्या बाईनं कल्पना दिली, जिनं कडी दिली, जिनं गोष्टी लिहिल्या, त्यांच्यापैकी कुणाचंही अक्षरही त्यात नाही.

मार्स्टन १९४७ मध्ये कॅन्सरनं गेला. जॉयनं लग्नानंतर त्याच वर्षी काम सोडलं. एलिझाबेथनं प्रकाशकांना पत्र लिहून संपादनाचं काम मागितलं. वंडर वुमनला तिच्याइतकं कोण ओळखत होतं? पण ते काम गेलं रॉबर्ट कॅनिगर या लेखकाकडे.

आणि इथून पुढे मला या कॉमिक्सचा खरा इतिहास दिसायला लागला. तो असा, की बाहेरच्या जगात बायकांना जशी जागा मिळते तशी हिची ताकद वाढते, आणि तिकडे दार बंद झालं की हिचीही ताकद जाते. युद्धाच्या काळात पुरुष आघाडीवर होते, कारखान्यांना बायका हव्या होत्या, तेव्हा ही गोळ्या अडवत होती. १९४५ मध्ये युद्ध संपलं, पुरुष परतले, बायकांना सांगितलं गेलं, आता घरी बसा. १९४९ च्या एका मुखपृष्ठावर तिचा मित्र स्टीव्ह तिला उचलून ओढा पार करवतोय! विमान लीलया थोपवणारी बाई, तिला ओढा ओलांडता येईना. मग ती कधी मूल सांभाळणारी झाली, कधी मॉडेल, कधी वर्तमानपत्रात प्रेमभंग झालेल्यांना सल्ला देणारी. (आता वर्तमानपत्रात सदर लिहिणं काही वाईट नाही, मीही तेच करते. पण तिला गोळ्या अडवता येत होत्या हो!) कर्तबगार बायकांचं ते सदर हळूहळू गेलं आणि त्याच्या जागी लग्नाच्या चालीरीतींची पानं आली.

१९६८ मध्ये तर कमालच झाली. तिनं सगळ्या शक्ती सोडून दिल्या, पोशाख उतरवला आणि कपड्यांचं बुटीक काढलं. योगायोग बघा, रस्त्यावर स्त्रीमुक्तीची चळवळ जोर धरत होती नेमकी तेव्हाच! ज्या मुली चाळीसच्या दशकात तिच्या गोष्टी वाचत मोठ्या झाल्या, त्या आता चळवळीत होत्या. ग्लोरिया स्टायनम त्यांच्यापैकी एक. त्यांनी जुलै १९७२ मध्ये 'मिझ' नावाच्या बायकांच्या मासिकाचा पहिला नियमित अंक काढला, आणि मुखपृष्ठावर घेतली कोण? वंडर वुमन, पूर्वीच्याच पोशाखात, आभाळाला भिडलेली. वर लिहिलं होतं की ही राष्ट्राध्यक्ष व्हायला हवी. १९७३ मध्ये कॉमिक्समध्ये तिची ताकद परत आली. वाचणाऱ्या मुलींनी मोठं होऊन आपल्या नायिकेला सोडवून आणलं. या सगळ्या कहाणीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

मग १९७५ ते १९७९ लिंडा कार्टरची टीव्ही मालिका आली. त्यात ती जागच्या जागी गिरकी घेऊन रूप बदलायची. २०१६ मध्ये, पहिल्या गोष्टीला ७५ वर्षं झाल्यावर, संयुक्त राष्ट्रांनी तिला बायका आणि मुलींच्या सक्षमीकरणाची मानद दूत नेमलं. समारंभात तिथल्याच काही कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवून निषेध केला. एवढ्या जगात हाडामांसाची एक बाई मिळाली नाही का, असा त्यांचा सवाल. सुमारे ४५ हजार लोकांनी विरोधात सह्या केल्या आणि दोन महिन्यांच्या आत ते दूतपद संपलंही. तो सवाल मला बिनतोड वाटतो. पण पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, पॅटी जेन्किन्स या दिग्दर्शिकेनं तिच्यावर चित्रपट केला. त्यानं जगभरात ८० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. माझी नात वंडर वुमनला ओळखते ती त्याच चित्रपटामुळे. त्यातही निर्मितीचं श्रेय मार्स्टनच्याच नावावर आहे.

एलिझाबेथ आणि ऑलिव्ह नवरा गेल्यावरही एकत्रच राहिल्या, ऑलिव्हच्या अखेरपर्यंत. चारही मुलांच्या शिक्षणाला हातभार लागला तो एलिझाबेथच्या पगाराचा. ती १९९३ मध्ये गेली, शंभर वर्षांची होऊन. जॉय हमेलला तिच्या लेखनाबद्दल पुरस्कार मिळाला तो २०१८ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी. २०२१ मध्ये तीही गेली.

हे वाचताना मला सारखी माझी आत्या आठवत होती. तिच्या सासरी भर बाजारपेठेत किराण्याचं दुकान. सासरे थकले, नवरा फिरतीवर, तेव्हा उधारीच्या वह्या आत्याच लिहायची. कुणाचा किती उधार, कुणाला आता थांबवायचं, दिवाळीला माल किती भरायचा, सगळं तिच्या डोक्यात. तीस वर्षं. पाटीवर काय होतं? सासऱ्यांचं नाव आणि पुढे 'अँड सन्स'. एकदा मी तिला विचारलं, "आत्या, तुझं नाव कुठाय?" ती हसून म्हणाली, "वहीतलं अक्षर माझंच आहे की गं." तेव्हा मला ते उत्तर फार मोठ्या मनाचं वाटलं होतं. आता वाटतं, पाटी रंगवणाऱ्याला दोन अक्षरं जास्त लिहायला असा काय खर्च आला असता?

म्हणून तुम्हाला एक सांगावंसं वाटतं. घरात, दुकानात, शेतावर, बचत गटात जिथे तुमचं काम आहे, तिथे कुठेतरी तुमचं नाव लिहून ठेवा. सातबाऱ्यावर लागलं तर उत्तमच, पण निदान पाटीवर, पावतीवर, पापडाच्या पाकिटावर. आणि तुमच्या सासूचं, आजीचं विसरलेलं काम नातवंडांना नाव घेऊन सांगा.

गॅदरिंगला नातीला नंबर मिळाला नाही. पहिली आली ती नेहमीप्रमाणे झाशीची राणी, आणि ती खरंच झकास होती. बाईसाहेबांना त्याचं काही वाटलं नाही. घरी आल्यावर सोनेरी कडी न काढताच ती गल्लीत पळाली आणि ओट्यावरच्या काकांसमोर जाऊन उभी राहिली. "काका, बांगड्यांनी गोळ्यापण अडवता येतात. तुम्हाला माहितीये का?" काका गडबडले. मी खिडकीतून बघत होते.

परवा पुन्हा कुणाचा तरी कॅच सुटला. मी कान टवकारले. काकांनी तोंड उघडलं, जरा थांबले, आमच्या खिडकीकडे बघितलं आणि ओरडले, "अरे, हाताला लोणी लावलंय काय?"